कॅलसबाईंचा आवाज

तो सुरेल होता, पण गोड नव्हता. खर्जाकडे उतरला की गडद, मधल्या सुरांत कोंडल्यासारखा झाकोळलेला आणि वर चढला की कानाला बोचेल इतका धारदार. एकाच वाड्यात राहून वेगळी चूल मांडलेले तीन भाऊ असावेत, तशी ही तीन अंगं. इतर गायिका असे सांधे घोटून घोटून गुळगुळीत करतात. ह्याचे सांधे उघडे राहिले, आणि मारिया कॅलस हे नाव ज्यांच्या कानांत बसलं ते तीन सुरांत त्याला ओळखू लागले.

जन्म न्यूयॉर्कचा, १९२३ सालचा, ग्रीक आईबापांच्या घरातला. संस्कार मात्र अथेन्सचे. १९३७मध्ये आईबरोबर मुलगी ग्रीसला आली आणि पुढे एल्व्हिरा दे इदाल्गो ह्या स्पॅनिश गुरूच्या हाती हा आवाज पडला. आपला पाठ झाला तरी मुलगी उठायची नाही. सकाळी यायची आणि दिवसभर इतर शिष्यांची गाणी ऐकत बसायची. हलक्या गळ्याने काय साधतं नि भारी गळ्याने काय, हे तिथे कानांत मुरलं. डोळे इतके अधू की चष्म्याशिवाय रंगमंचावरून संगीत संचालकाचा हात दिसायचा नाही. सगळं ऑपेरा मुखोद्गत करण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

सोप्रानो ही स्त्रीच्या गळ्याची सर्वांत वरची जात. पण जातीत पोटजाती आल्याच. संगीतकार वाग्नरचा मोठा वाद्यवृंद मायक्रोफोनशिवाय भेदून जायला वजनदार गळा लागतो. बेल्लिनी, दोनिझेत्तीच्या तानांना हलका, चपळ. एकाने दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही, असा रिवाज. जानेवारी १९४९मध्ये व्हेनिसला हा आवाज वाग्नरची रणरागिणी ब्र्युनहिल्ड गात होता. त्याच हंगामात बेल्लिनीच्या ‘ई पुरितानी’ची नायिका आजारी पडली. संचालक तुल्लिओ सेराफिन ह्यांनी बाईंनाच उभं केलं. मोजक्या दिवसांत भूमिका पाठ झाली आणि जो गळा रणरागिणीचा होता, तोच ‘ई पुरितानी’तल्या एल्व्हिराच्या ताना लीलया फेकू लागला. इटलीभर बोलबाला झाला.

ताना त्याच्याआधीही पुष्कळ जणी घेत होत्या. दोनिझेत्तीच्या ‘लुचिया’मध्ये लग्नाच्या रात्री नवऱ्याचा खून करून वेडी झालेली मुलगी गाते, तो प्रवेश म्हणजे तर गळ्याच्या कसरतीचा आखाडाच झाला होता. ह्या आवाजात त्याच ताना ऐकताना मुलीची शुद्ध हरपत चालल्याचं कळतं. प्रत्येक हरकतीला कारण असतं. व्हर्दीने १८४८ साली एका पत्रात तक्रार केली होती, की आपल्या लेडी मॅकबेथसाठी निवडलेली गायिका फारच सुंदर दिसते आणि फारच निर्दोष गाते. लेडी मॅकबेथचा आवाज कर्कश, घुसमटलेला, काळोखा हवा. ७ डिसेंबर १९५२ला मिलानच्या ला स्कालामध्ये हंगामाच्या पहिल्या रात्री ह्या आवाजात ‘मॅकबेथ’ झालं, आणि व्हर्दीची मागणी १०४ वर्षांनी पुरी झाली.

स्वभाव उधळ्या. राखून गाणं त्याला ठाऊक नव्हतं. बेल्लिनीची ‘नोर्मा’ ही सोप्रानोच्या दमसासाची कठोर परीक्षा, तर बाईंनी रंगमंचावर सर्वांत जास्त वेळा केली ती हीच भूमिका. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बाईंनी तीसेक किलो वजन उतरवलं, तेव्हापासून आवाजाचा आधार गेला असं काही जण म्हणतात. लहान वयात जड भूमिका पेलल्याचे ते भोग होते असं दुसरे. कारण काहीही असो, वरचे सूर डगमगू लागले. २ जानेवारी १९५८ला रोममध्ये, इटलीचे राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले असताना, ‘नोर्मा’च्या पहिल्या अंकानंतर त्याने पुढे जायला नकार दिला. घसा बसला होता. वर्तमानपत्रांनी मात्र बाईंच्या नखऱ्यांचे मथळे सजवले. आवाजही आजारी पडतो, ही बातमी कुणाला विकायची?

५ जुलै १९६५ला लंडनमध्ये ‘तोस्का’ झालं. त्यानंतर ऑपेराच्या रंगमंचावर तो पुन्हा आला नाही. पुढे गायक ज्युसेप्पे दी स्तेफानोबरोबर मैफलींचा दौरा निघाला. लोकांनी गर्दी केली, समीक्षकांनी सुस्कारे टाकले, आणि नोव्हेंबर १९७४मध्ये जपानमधल्या सप्पोरोला तोही संपला. १९७७ साली, वयाच्या ५३व्या वर्षी, बाई पॅरिसमध्ये गेल्या.

पण त्याला पुरता ओळखायचा तर ह्या दौऱ्याच्या आधी, १९७१-७२मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीतशाळेत जायला हवं. तिथे बाई तरुण गायकांना शिकवत होत्या, आणि समजावण्यासाठी मधूनच स्वतः गात. एकदा विषय निघाला ‘रिगोलेत्तो’तल्या विदूषकाच्या गाण्याचा. आपली मुलगी पळवून नेणाऱ्या दरबाऱ्यांवर तो आधी गरजतो, मग त्यांच्यापुढे हात पसरतो. गाणं पुरुषाचं, बॅरिटोनचं. सोप्रानोचा त्याच्याशी संबंध नाही. बाईंनी ते गाऊन दाखवलं. दिवसभर इतरांचे पाठ ऐकत बसणारी अथेन्सची विद्यार्थिनी अजून वर्गातच होती. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात आवाज शाबूत नाही. बाप मात्र सबंध आहे.