चर खणणाऱ्यांच्या लेकी आणि काचेची तार

आम्ही दोघी मामे-आते बहिणी. एक भोरची, दुसरी तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातल्या तोरण्याच्या पायथ्याची. १९९५ ते १९९७ या काळात पुणे विद्यापीठात, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, आम्ही इलेक्ट्रॉनिक्स घेऊन एम.एस्सी. केले. दुसऱ्या वर्षाला ‘ऑप्टिकल फायबर कम्युनिकेशन’ हा विषय होता. काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या साह्याने निरोप पाठवण्याची ही विद्या. ती आम्हाला कशी समजली, हे आपल्या घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींसाठी सांगावेसे वाटते.

त्या काळात पुणे-सातारा रस्त्याच्या कडेने केबलसाठी चर खणण्याचे काम चाले. आमच्यापैकी एकीचे वडील, म्हणजे दुसरीचे मामा, तिथे रोजंदारीवर होते. छातीएवढा खोल चर, खाली मुरूम आणि कातळ. एकदा ते घरी येऊन म्हणाले, “पोरींनो, त्या केबलात तांबं न्हाय म्हणत्यात. काच हाय. काचंतनं माणूस बोलतोय कसा?” घरात कोणालाच उत्तर देता आले नाही. आम्हालाही नाही.

पहिले वर्ष संपत आले तसे एकीला स्थळ सांगून आले. मुलगा नोकरीला, हुंड्याची मागणी नाही. नातेवाईक म्हणू लागले, “बी.एस्सी. झाली, अजून किती शिकायचं? खानावळीचे पैसे कुठून आणता?” त्यात खोटे काही नव्हते, खानावळीचे दोन महिने थकले होते. मामी रात्रभर जागी होती. सकाळी मामा एवढेच म्हणाले, “चर आम्ही खणला. आत काय हाय ते आमच्या पोरींनी सांगावं. लगीन वर्षानं करू.” स्थळ थांबले नाही, पण शिक्षण थांबले नाही.

विषय सुरू झाला आणि पहिली अडचण इंग्रजीची आली. आम्ही दोघी मराठी माध्यमाच्या. पुस्तक जाड, एकेका वाक्याला शब्दकोश लागे. मग आम्ही एक नियम केला. दिवसभर वर्गात जे झाले ते रात्री वसतिगृहाच्या खोलीत एकमेकींना मराठीत सांगायचे. मराठीत सांगता आले नाही तर ते समजले नाही असे धरायचे. या नियमाने आम्हाला तारले.

पहिला धडा पूर्ण आंतरिक परावर्तनाचा. तो दहावीत पाठ केला होता, पण उमगला तो भाटघरच्या पाण्यामुळे. धरणाच्या पाण्यात बुडी मारून वर पाहिले, तर डोक्यावर एका गोल खिडकीतून आभाळ दिसते. त्या गोलाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो, आभाळ दिसत नाही. याचे कारण असे की, पाण्यातून वर जाणारा किरण सुमारे ४९ अंशांपेक्षा जास्त तिरपा झाला की बाहेर पडू शकत नाही. तो पुन्हा पाण्यातच परततो. हा क्रांतिक कोन.

काचेच्या तंतूत हेच घडते. मधला गाभा आणि त्याभोवतीचे आवरण दोन्ही काचेचेच, पण गाभ्याचा अपवर्तनांक किंचित जास्त. त्यामुळे आत शिरलेला प्रकाश कडेला आपटून आतच परततो आणि वळणावळणाने पुढे जातो. आवरणासकट तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, साधारण केसाएवढी. लांब पल्ल्याच्या तंतूत गाभा त्यातला अवघा ८ ते १० मायक्रॉन असतो.

आवाज प्रकाश कसा होतो? टेलिफोनमध्ये आवाजाची विजेची लहर होते. तिचे माप सेकंदाला ८,००० वेळा घेतात आणि प्रत्येक माप शून्य-एकच्या आठ खुणांत लिहितात. म्हणजे एका बोलण्यासाठी सेकंदाला ६४,००० खुणा. एक म्हणजे लेझरचा उजेड, शून्य म्हणजे अंधार. पलीकडे एक डोळा, फोटोडायोड, हे लुकलुकणे वाचून पुन्हा वीज करतो आणि विजेचा आवाज होतो. मामांच्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ होते.

प्रयोगशाळेत आम्ही तंतू पेन्सिलीला गुंडाळून पाहिला. वेटोळे घट्ट झाले की पलीकडचा उजेड लगेच उणावला. वाकवण्याला मर्यादा असते, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

या विद्येचा इतिहासही अभिमानाचा. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली इंग्लंडमध्ये हॉपकिन्स यांच्यासह तंतूंच्या जुडीतून चित्र नेऊन दाखवले. पण तेव्हाची काच अशुद्ध होती. वीस मीटरमध्येच प्रकाशाचा शंभरातला एक भाग उरे. चार्ल्स काओ यांनी हॉकहॅम यांच्यासह १९६६ साली मांडले की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. ती काढली तर हा तंतू दूरसंचाराला चालेल. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तसा तंतू बनवला. काओंना २००९ साली नोबेल मिळाले. आपल्या देशात स्थानिक टेलिफोन केंद्रे जोडणारी पहिली प्रकाशतंतू व्यवस्था १९७९ साली सुरू झाली, ती आपल्या पुण्यातच. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांचे संकेतही प्रकाशतंतूनेच मध्यवर्ती इमारतीत येतात.

आजच्या चांगल्या तंतूत पंधरा किलोमीटर गेल्यावर निम्मा प्रकाश उरतो. भोर ते पुणे सुमारे पन्नास किलोमीटर धरले तर दहावा हिस्सा पोचतो आणि तो वाचायला पुरतो. वेळ लागतो सेकंदाच्या चार हजाराव्या भागाएवढा. हा हिशेब आम्ही सुट्टीत मामांना सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजी आमचा चर वाया न्हाय गेला.”

आता गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत हा तंतू नेण्याची योजना आहे. केंद्र सरकारने ती २०११ साली मंजूर केली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. पण वेल्ह्यासारख्या डोंगरी, पावसाच्या मुलखात दरड कोसळते, रस्त्याच्या कामात केबल तुटते. मग पंचायतीतली पेटी बंद, दाखल्याचे काम बंद, मुलांचे फॉर्म अडकलेले. अशा वेळी जोडणारा माणूस लागतो. तंतू सोलायचा, पुसायचा, सरळ कापायचा आणि विजेच्या ठिणगीने दोन टोके वितळवून एक करायची. यंत्रातून प्रकाशाचा ठोका सोडून तो परत यायला किती वेळ लागला यावरून तार कितव्या मीटरवर तुटली हे कळते. हे कसबाचे काम आहे आणि आयटीआय, डिप्लोमा झालेल्या मुलामुलींना ते जमण्यासारखे आहे.

म्हणून पालक बंधू-भगिनींनो, मुलगी विज्ञानाचे काही शिकत असेल तर तिला एक काम सांगा. आज काय शिकलीस ते आम्हाला आपल्या भाषेत समजावून सांग, असे म्हणा. तुम्हाला कळले तर तिलाही कळले. आणि नाही कळले, तरी पुन्हा विचारा. मामांनी विचारले होते म्हणून आम्ही शिकलो. केबलचा चर खणण्याची मजुरी आपल्या माणसांनी पुष्कळ केली. त्या केबलच्या दोन टोकांना बसणारी माणसेही आपल्या घरातली असावीत, एवढेच आमचे मागणे आहे.