बुक टॉवरचा लोखंडी जिना

डेट्रॉईटच्या बुक टॉवरची डागडुजी झाली तेव्हा बाहेरच्या भिंतीवरचा लोखंडी जिना काढून टाकला. आग लागली तर उतरायला म्हणून लावलेला तो जिना दर्शनी नक्षीवरूनच खाली आलेला होता, आणि जुन्या इमारतींवर प्रेम करणाऱ्यांना तो खुपायचा. मला मात्र वॉशिंग्टन बुलेव्हार्डवर वळलं की आधी तोच दिसायचा. आता तिथे स्वच्छ भिंत आहे, आणि मला तिचा राग येतो.

ज्यांच्या नावाचा हा टॉवर, त्या बुक बंधूंना हा रस्ता न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या तोडीचा करायचा होता. त्यांचा वास्तुकार लुई कॅम्पर. त्याने १९१७ मध्ये तेरा मजली बुक बिल्डिंग उभी केली आणि १९२६ मध्ये तिला लागून हा अडतीस मजली टॉवर. शेजारी एक्याऐंशी मजल्यांचा आणखी एक बांधायचा बेत होता, तो महामंदीने बुडवला. पुढे शहरच ओसरत गेलं. १९५० मध्ये साडेअठरा लाख माणसं होती, २०२० मध्ये साडेसहा लाखसुद्धा उरली नाहीत. २००९ मध्ये टॉवर पूर्ण रिकामा झाला. हडसन्सचं दुकान सुरुंग लावून पाडलं, स्टॅटलर हॉटेल पाडलं, हा वाचला. २०१५ मध्ये विकला गेला आणि तीस कोटी डॉलरांहून जास्त खर्चून २०२३ मध्ये घरांसाठी, हॉटेलसाठी उघडला. गोल दालनावरचा काचेचा घुमट पुन्हा उजळला आहे. तो खरोखर सुंदर आहे.

पण माझा बुक टॉवर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. ह्यांची नोकरी गेली होती, व्हिसा नोकरीवर टांगलेला, आणि वरच्या एका मजल्यावर वकिलाचं ऑफिस होतं. ट्रॉय उपनगरातले आपले लोक बजावायचे, डाउनटाउनला अंधार पडायच्या आत गाडीत बसा. हे वर गेले. मी तान्ह्या मुलाला घेऊन खाली उभी. कंपनीने दोन ओळींचं पत्र देऊन सहा वर्षांचं काम संपवलं होतं, ते माझ्या पर्समध्ये होतं.

झाडलोट करणारी एक कृष्णवर्णीय बाई आली. साठीची असावी. तिने कुठूनशी खुर्ची आणून दिली, हात पुसले आणि म्हणाली, "आण त्याला इकडे, हनी. तू जरा टेक." मुलाला खांद्यावर टाकून ती येरझाऱ्या घालू लागली. माझ्या आईनेही त्याला तोवर घेतलं नव्हतं. ती बोलत राहिली. पाच वाजता लिफ्टपुढे कशी रांग लागायची, टायपिस्ट पोरी पितळी पट्टीत बघून लिपस्टिक कशा लावायच्या. त्यांच्या खुर्चीत बसायची नोकरी तिच्यासारखीला तेव्हा कोण देणार? ती त्या खुर्च्या पुसायची. सगळे गेले की खिडकीतून त्या लोखंडी जिन्यावर जाऊन बसायची. तिथून नदी दिसायची, नदीपलीकडे कॅनडाचे दिवे. ऑगस्टमध्ये लोखंड रात्रीपर्यंत तापलेलं असायचं, म्हणून खाली वर्तमानपत्र घ्यायचं. हे उतरले तेव्हा त्यांचा चेहरा बघून तिने काहीच विचारलं नाही, फक्त मुलाला माझ्याऐवजी त्यांच्या हातात दिलं. त्या दिवसांत ह्यांच्या हातात कुणी काही विश्वासाने दिलं होतं ते तेवढंच.

गेल्या वर्षी त्याच मुलाबरोबर तिथे गेले. त्याला तिथला फ्लॅट बघायचा होता. दाखवणारा तरुण बुक बंधूंबद्दल, कॅम्परबद्दल, दर्शनी भिंतीवरच्या कोरीव बायकांबद्दल मनापासून बोलला. नदीकडच्या खिडकीशी नेऊन म्हणाला, हे दृश्य या इमारतीची खरी श्रीमंती. मी त्याला तिच्याबद्दल सांगायला लागले. जिन्याबद्दल, वर्तमानपत्राबद्दल, खुर्च्यांबद्दल. मुलाने दोनदा माझा दंड धरला, तरी मी सगळं सांगितलं.