आडवी चालेल, उलटी नको

'सील्ड आहे, कशीही बसवा' हे वाक्य बॅटरीच्या दुकानात इतक्या सहज ऐकू येतं की ते तपासून पाहावंसं कुणालाच वाटत नाही. माझी पहिली हरकत 'सील्ड' या शब्दालाच आहे, कारण त्या नावाखाली आपल्याकडे दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. मोटारीतल्या बऱ्याचशा मेंटेनन्स-फ्री बॅटऱ्यांत ॲसिड पातळच असतं, प्लेटांभोवती मोकळं हिंदकळत असतं. फरक इतकाच, की पाणी घालायची झाकणं उघडत नाहीत. वायू जायला त्यांना वाट असतेच, आणि बॅटरी आडवी केली की त्याच वाटेनं ॲसिड बाहेर येतं. खरी बंद बॅटरी म्हणजे व्हॉल्व्हवाली, बहुतेक स्कूटरच्या पोटात असते ती छोटी एजीएम. तिच्यात काचतंतूंची चटई टीपकागदासारखी सगळं ॲसिड शोषून बसलेली असते. तीही काठोकाठ भिजवलेली नसते. चार्जिंगच्या शेवटी धन प्लेटवर सुटणारा ऑक्सिजन चटईतल्या कोरड्या छिद्रांतून ऋण प्लेटकडे जातो आणि तिथे पुन्हा त्याचं पाणी होतं. म्हणून ॲसिड मुद्दाम मोजकंच घातलेलं असतं. सांडायला मोकळं काही उरतच नाही, हा त्या मोजकेपणाचा आनुषंगिक फायदा.

अशी बॅटरी कुशीवर निजवली तर बिघडत नाही, हे मला मान्य आहे. टेलिफोन यंत्रणेतले उंच २ व्होल्टचे एजीएम सेल तर पुष्कळदा रॅकमध्ये मुद्दाम आडवेच रचतात. उंच सेलमध्ये जड ॲसिड सावकाश तळाशी उतरतं, वरचा भाग पातळ पडतो आणि प्लेट सारखी काम करत नाही; आडवं केलं की ही उंचीच घटते. अर्थात स्कूटरच्या वीतभरसुद्धा उंच नसलेल्या बॅटरीला त्यातून फारसं काही मिळत नाही.

उलटीचं तसं नाही. टेबलावर उलटी धरलेली बॅटरीही दिवा पेटवते, मग गाडीत का नको, असा युक्तिवाद होतो. पण तो दिवा बॅटरी उतरतानाचा आहे. गाडीतली बॅटरी इंजिन चालू असेपर्यंत जवळजवळ सतत चार्ज होत असते. रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज १५ च्या वर गेलं की वायू इतका सुटतो की आतल्या आत त्याचं पाणी होणं पुरत नाही आणि व्हॉल्व्ह उघडतो. तो वर असेल तर वायू जातो. खाली असेल तर चटईतून निथळलेलं ॲसिडही सोबत जाऊ शकतं. मुळात मोजकं असलेलं ॲसिड कमी झालं की क्षमता घटते, आणि टॉप-अपची सोय नसल्यानं ती भरून काढता येत नाही.

तरीही गाडीच्या बाबतीत कोन हा मला दुय्यम प्रश्न वाटतो. 'कशीही' मान्य झालं की माणूस लगेच 'कुठेही'वर येतो, आणि खरं नुकसान तिथे सुरू होतं. बुलेटचं बॉबर करताना बॅटरी दिसू नये म्हणून ती खाली, सायलेन्सरच्या शेजारी कोंबतात. तापमान कायम १० अंशांनी वाढलं तर शिसे-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा जुना ठोकताळा. विदर्भातल्या मे महिन्यात त्यावर सायलेन्सरची धग कशाला? त्यात पट्टा ढिला असेल तर धक्क्यांनी प्लेटा आणि त्यांचे जोड खिळखिळे होतात.

कुणी म्हणेल, मग डिकी काय वाईट? १९८९ च्या माझदा एमएक्स-५ मध्ये एजीएम बॅटरी डिकीतच होती. बरोबर, थंड जागा म्हणून ती उत्तमच. पण तिथे वायू बाहेर नेणारी नळी होती, कारण व्हॉल्व्ह कधीतरी उघडणार हे गृहीत होतं. शिवाय लांब वायरची किंमत असते. २५ चौरस मिलिमीटरची अडीच मीटर तांब्याची वायर २०० अँपियरला साधारण ०.३४ व्होल्ट खाते, आणि थंड सकाळी सेल्फ मारताना तेवढेही जाणवतात.

राहता राहिला कंपनीचा दाखला. खोक्यावर 'कोणत्याही स्थितीत' असं छापलेलं असतंच की! ते आश्वासन गळतीपुरतं असतं. उलटी ठेवून चार्ज करू नका, हे पुष्कळदा आतल्या पत्रकात असतं, आणि ते पत्रक रिकाम्या खोक्यासोबत दुकानातच राहतं.