पेढीवरचा जुना लॅपटॉप

काकांच्या पेढीवरील लॅपटॉप सुरू होईपर्यंत गिऱ्हाईक चहा संपवून उठत असे. त्यात अवघी २ जीबी रॅम आणि विंडोज १०, जिचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते. पुतण्याने लुबुंटू ही हलकी, विनामूल्य लिनक्स प्रणाली सुचवली. विनामूल्य म्हणताच काकांच्या कपाळावर आठी उमटली. तेव्हा त्याने डिस्कला धक्का न लावता ती पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवली. पत्रे, भावपत्रके, ई-मेल सारे जमले. ब्राउझरमध्ये फार पाने उघडली की मात्र यंत्र पुन्हा धापा टाकी.

"आणि टॅली?" काकांनी विचारले. खरी अडचण तीच होती. टॅली विंडोजसाठी घडलेली. लिनक्सवर ती वाइनच्या आधारे चालवण्याची खटपट करता येते. परंतु ज्या खात्यांवरून जीएसटीचे विवरणपत्र भरायचे, ती अशा टेकूवर ठेवणे व्यापाऱ्याला परवडणारे नाही. खाती गोदामातील नव्या संगणकावर न्यायचे ठरले. बॅकअप झाला, तरी काकांचे समाधान होईना. मागील ७ वर्षांची खाती तिथे एकेक उघडून, शिल्लक ताडून पाहिल्यावरच त्यांनी पुतण्याला जुनी डिस्क पुसू दिली.