हाताला कळलेलं

संगणकाची नवी प्रणाली अंगवळणी पडेपर्यंत माणूस चिडतो तो नेमका कशामुळे, हे मला नीट समजून घ्यायचं होतं. लोक म्हणतात, सवयीचा प्रश्न आहे, होईल हळूहळू. होतेही. पण तोवर माणसाचं जे जातं त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

14 ऑक्टोबर 2025 या दिवशी माझ्या लॅपटॉपवरच्या विंडोज 10ला मिळणारा नियमित आधार संपला. ही प्रणाली 2015च्या जुलैत आली होती. पुढच्या विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षाचिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. जगभरातली कितीतरी धडधाकट यंत्रं या अटींत बसत नाहीत. ज्या लॅपटॉपचा पडदा, कीबोर्ड, बिजागऱ्या सगळं शाबूत आहे तो एका तारखेमुळे जुना ठरतो, हे मला आजही मान्य नाही. नाटे या आमच्या गावात वस्तू अशी टाकत नाहीत. होडीचं इंजिन इथे पुन्हा पुन्हा उघडून, सुटे भाग बदलून चालवतात. म्हणून मीही लॅपटॉप ठेवला आणि प्रणाली बदलली. लिनक्स घेतलं.

राजापूर तालुक्यातलं हे खाडीकाठचं गाव. यशवंतगड इथेच, आंबोळगड आणि मुसाकाजी जवळ, खाडीपलीकडे जैतापूर. मासेमारी, आंबा, काजू आणि मुंबईहून येणारे पैसे यांवर गाव चालतं. संगणकाशी कामही त्यातूनच येतं. होडीचे कागद, बागेचा सातबारा, दाखल्यासाठीचा अर्ज, मंडळाचा अहवाल. त्यातलं बरंचसं टंकलेखन मी वर्षानुवर्षं करत आलो. वाचनालयाची यादीही माझ्याकडेच. त्यामुळे माझा लॅपटॉप अडला की माझ्याबरोबर आणखी चार माणसं अडतात.

मुंबईतला पुतण्या फोनवर म्हणाला, “काका, सगळं तसंच आहे, फक्त जागा बदलल्यात.” पण जागाच बदलल्या तर हातांनी काय करायचं? फाइल कुठे ठेवली हे मला डोक्याने आठवावं लागत नसे. बोट आपोआप डी ड्राइव्हकडे जाई. लिनक्समध्ये सी नाही, डी नाही. तिथे सगळ्यांचं मूळ एकच आणि त्यात आपल्या नावाचं घर. रचना म्हणून ती अधिक सरळ आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण समोर कुणाची तरी म्हातारी आई दाखल्यासाठी बसलेली असताना सरळ रचनेचं कौतुक करायला वेळ नसतो. इथे फाइलच्या नावात मोठं आणि लहान इंग्रजी अक्षर वेगळं धरलं जातं, त्यामुळे एकाच नावाच्या दोन याद्या शेजारी शेजारी नांदू शकतात. आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत परवलीचा शब्द टंकावा तर पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. कळा दाबल्या जातायत की नाही हे कळायला मार्ग नसतो. मागे उभं राहून बघणाऱ्याला शब्दाची लांबीही कळू नये म्हणून ही सोय आहे, हे समजल्यावर राग गेला. कारण समजलं की निम्मा त्रास कमी होतो, आणि ते सांगायला मात्र कुणी नसतं.

आता मराठीचं. खरा घोर तिथे होता.

गावोगावच्या कितीतरी जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फॉन्टची युक्ती अशी की इंग्रजी अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. अर्धा स, काना, वेलांटी, रफार, प्रत्येकाला एकेक खण. संगणकाच्या लेखी ती फाइल रोमन अक्षरांची, आणि त्या फॉन्टचा मुखवटा चढला की माणसाला ती मराठी दिसे. मुखवटा नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरं, स्वल्पविराम, कंस यांचा चिखल. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचे खण वेगळे. म्हणजे मराठीत लिहिलेलं मराठी म्हणून साठवलंच गेलेलं नव्हतं. वाचनालयाची यादी मी नव्या प्रणालीत उघडली तेव्हा नेमकं हेच समोर आलं. आयुष्यभर वर्गणी गोळा करून ज्यांनी ही पुस्तकं आणली त्यांचं काम असं वाचता न येणाऱ्या खुणांत पडलेलं पाहून मला रडू यायचं बाकी होतं.

त्याच दिवशी दुसरी गोष्टही दिसली. मी इनस्क्रिप्ट कळफलक वापरतो. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो 1986 साली प्रमाण म्हणून ठरवला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. नवी प्रणाली, पडद्यावरची नवी मांडणी, सगळं परकं, आणि मी मराठी कळफलक निवडून इंग्रजी व्ही, ई, अवतरणचिन्हाची कळ आणि एस अशा चार कळा दाबल्या. पडद्यावर उमटलं ‘नाटे’. जुन्या प्रणालीत ज्या कळांनी उमटे, त्याच कळांनी. बाकी सगळीकडे हात चाचपडत असताना इथे ते घरी होते.

याचं कारण योगायोग नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे भारतीय सांकेतिक प्रमाण घडलं, त्याच्या 1988च्या आवृत्तीवरून युनिकोडने देवनागरीचा तक्ता घेतला आणि 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्याच वर्षी हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स जगापुढे ठेवलं. कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जे काम केलं, त्याचा उपयोग आज माझ्यासारख्या खेड्यातल्या माणसाला होतो. त्यांनी अक्षर कुणा एका कंपनीच्या खणात अडकवलं नाही. म्हणून ते एका प्रणालीतून दुसरीत सहीसलामत गेलं.

बाकी बदलाला मात्र सवड हवी असते. आमच्याकडचे जुने तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून समुद्रातली जागा ओळखत. मग होड्यांवर जीपीएस आला. पण खुणेचा डोंगर होता तिथेच राहिला. तांडेलाला यंत्रावरचा आकडा आणि डोळ्यांपुढची खूण कितीतरी दिवस शेजारी ठेवून ताडता आली, आणि मगच त्याने यंत्रावर विश्वास टाकला. संगणकावर ही सवड मिळत नाही. जुनं आज रात्री पुसलं जातं आणि उद्या सकाळी माणसाने नव्यात तरबेज असावं अशी अपेक्षा असते. पावसाळ्यात लाइट गेलेली, रेंज नाही, अद्ययावत करण्याची फाइल अर्ध्यात थांबलेली, अशा जागी तर ही अपेक्षा अन्यायाची आहे.

शिकणं अशक्य आहे असं मी मुळीच म्हणत नाही. केरळच्या सरकारी शाळांतून मुलं गेली कित्येक वर्षं मुक्त प्रणालीवर संगणक शिकतात, कारण तिथे आधी शिक्षकांना शिकवलं गेलं. आपल्याकडेही प्रत्येक शाळेत इनस्क्रिप्ट शिकवायला हवा, आणि ग्रामपंचायत, देवस्थान, वाचनालय, सोसायटी यांच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली युनिकोडमध्ये आणायचं काम आत्ताच, त्या लिहिणारी माणसं हयात आहेत तोवर हाती घ्यायला हवं. उद्या ती यंत्रं भंगारात जातील आणि कुठली फाइल कुठल्या फॉन्टची होती हे सांगायला कुणी उरणार नाही.

मी यादी बदलून घेतो आहे. बदलणारं सॉफ्टवेअर बरंचसं काम करतं, पण मी वापरतो त्याला आपला ‘ऱ’ नीट येत नाही. ‘दऱ्याखोऱ्यांतून’चं ‘दर्याखोर्यांतून’ होतं, ‘वाऱ्याचा’चं ‘वार्याचा’. सरसकट ‘र्या’च्या जागी ‘ऱ्या’ घालावा तर ‘दर्यावर्दी’ बिघडतो, ‘कार्यालय’ बिघडतं. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली 2008 साली. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन भागवलेलं असे, त्यामुळे ‘ॲड’ शोधलं तर जुना ‘अॅड’ सापडत नाही. म्हणून प्रत्येक ओळ पुस्तकाच्या मुखपृष्ठाशी ताडून बघावी लागते. शाळेतल्या दोन मुली संध्याकाळी येतात. एक कपाटातून पुस्तक काढून नाव मोठ्याने वाचते, दुसरी टंकते. ‘ऱ’साठी शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ दाबायचं हे त्यांना आता सांगावं लागत नाही. कादंबऱ्या झाल्या, नाटकं चालू आहेत, चरित्रांचं कपाट अजून उघडायचं आहे.