पेपर संपला, सूर उरले
सबमिशनच्या रात्री हेडफोनवर ट्रॉम्बोन! रूममेट म्हणाला, “काय रे, वरात आली का?” वरात कसली, पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटवारची परीक्षा. तिथे ट्रॉम्बोनच्या वार्षिक परीक्षेसाठी संगीतकारांकडून खास रचना लिहून घेत, पियानोच्या साथीसह. गिलमाँची १९०२ची ‘मोर्सो सँफोनिक’ त्यातलीच. ती टिकली; बाकीच्या कित्येक पेपर संपल्यावर कपाटात गेल्या. (आपले जुने पेपर निदान झेरॉक्सवाल्याकडे तरी मिळतात!) नव्या रेकॉर्डिंगवर अशाच विसरलेल्या रचना ऐकल्या. ट्रॉम्बोनला सरकती नळी, तिच्या सात जागा, पण एकीवरही खूण नाही. मोजमाप सगळं कानाचं. म्हणूनच मला वेगवान भागापेक्षा संथ सूर अवघड वाटतात. आणि पियानोवाला? अख्खा ऑर्केस्ट्रा एकटा ओढतो, नाव मात्र बारीक अक्षरात.