चिनी मावशींचा कोहळा

कोहळा आपल्या घरात येतो तो बहुधा फुटण्यासाठी. नवे घर झाले, नवे दुकान उघडले की उंबऱ्यापाशी एक कोहळा बळी जातो. नाहीतर दारावर टांगला जातो आणि आल्यागेल्याच्या नजरा सोसत बिचारा वाळून जातो. दिवाळी सरली की कूष्मांड नवमीला त्याचे दान करायचे. आवळ्याच्या बदल्यात त्याला काढण्याची म्हण तर सर्वांच्या तोंडी. पण पोटात जाण्याचा मान त्याला फारसा नाही. साखरेत घोळून कोहळेपाक, फार तर उन्हाळ्यात सांडगे, की संपले. शिवाय बाईमाणसाने अख्ख्या कोहळ्याला पहिली सुरी लावायची नाही. तो पशूच्या जागी उभा असतो ना! पहिला घाव पुरुषाने घालावा, मग बाईने फोडी कराव्यात.

या सात्त्विक प्राण्याचे खिम्याच्या गोळ्यांबरोबर सार होते, आणि आजाऱ्याला, बाळंतिणीला, कुणालाही ते सोसते, हे मी माझगावात पाहिले. माझे बालपण तिथले. गोदीच्या आसऱ्याने त्या भागात चिनी वस्ती होती. कँटनकडच्या खलाशांनी १९१९ साली बांधलेले सी यिप कून हे देऊळ अजूनही तिथे आहे. आमच्या चाळीत जिन्याशेजारच्या खोलीत असेच एक कँटनी कुटुंब राही. यजमान गोदीत सुतारकाम करीत. बाईंना सारी मुले ‘मावशी’ म्हणत, त्या माझ्या आईला ‘दीदी’ म्हणत, आणि दोघींचे संभाषण ज्या हिंदीत चाले ते ऐकून हिंदीच्या पंडिताने कानांवर हात ठेवले असते.

मावशी भायखळ्याच्या बाजारातून कोहळा आणीत आणि कुणा पुरुषाची वाट न बघता आपल्या रुंद सुऱ्याने त्याचे दोन तुकडे करीत. पहिल्यांदा आईने ते पाहिले तेव्हा तिच्या तोंडून “अगंबाई!” निघाले. मावशींना कारण समजल्यावर त्या खूप हसल्या. त्यांच्या भाषेत तो ‘दुंग-ग्वा’, म्हणजे हिवाळी भोपळा. पिकतो उन्हाळ्यात, पण सालीवरच्या पांढऱ्या मेणकट लवेमुळे हिवाळ्यापर्यंत टिकतो. आपले वैद्य त्याला थंड म्हणतात, त्यांचेही तेच म्हणतात. तिकडच्या मेजवानीत अख्खा कोहळा पोखरून त्यातच सार शिजवतात आणि सालीवर नक्षी कोरतात. घरचे सार मात्र अगदी साधे.

त्यांच्या घरी डुकराचे मांस असे; आमच्यासाठी त्या वेगळ्या भांड्यात बकऱ्याचा खिमा घेत. मी अजून तसेच करते. पाव किलो खिमा खाटकाकडून दोनदा काढून आणावा. त्यात किसलेले आले, बारीक चिरलेली कांद्याची पात, मीठ, पांढऱ्या मिऱ्यांची पूड, चमचाभर सोया सॉस, एका अंड्याचा पांढरा बलक आणि चमचाभर मक्याचे पीठ. मग हाताने ढवळायचे, पण एकाच दिशेने. “इधर-उधर नहीं, एक तरफ!” म्हणत मावशी माझ्या मनगटावर टिचकी मारीत. चमचा चमचा पाणी घालीत असे ढवळले की खिमा चिकट होतो आणि गोळे पाण्यात फुटत नाहीत. मूठ दाबून अंगठा आणि तर्जनीमधून गोळा वर काढायचा, चमच्याने उचलून पाण्यात सोडायचा. पाणी खळखळते नको, कडेला नुसते बुडबुडे हवेत. वर येणारा फेस काढून टाकायचा. बकऱ्याच्या गोळ्यांना वीस-पंचवीस मिनिटे लागतात. मग साल आणि बिया काढलेल्या अर्धा किलो कोहळ्याच्या बोटभर जाडीच्या फोडी घालाव्यात. दहा मिनिटांत त्या काचेसारख्या दिसू लागतात. शेवटी मीठ, भाजक्या तिळाच्या तेलाचे दोन थेंब, थोडी कोथिंबीर. झाले. फोडणी नाही, हळद नाही. पहिल्या चमच्याला आपल्या जिभेला वाटते, काही राहिले की काय! तिसऱ्या चमच्याला कोहळ्याने रस कसा पिऊन घेतला आहे ते कळते.

आता मी दिंडोशीला राहते. नागरी निवारा परिषदेच्या चळवळीतून उभी राहिलेली आमची ही वसाहत. मागे राष्ट्रीय उद्यानाचे रान, मधूनमधून बिबट्याची वार्ता. इथला भाजीवाला कोहळ्याची फोड कापूनच देतो, त्यामुळे पहिला घाव कुणाचा हा प्रश्न त्याच्या गाडीवरच सुटतो. सूनबाई कोंबडीच्या खिम्याचे गोळे करते. ते लवकर शिजतात, पण रस्सा जरा पातळ लागतो. हे मी तिला सांगत नाही.

१९६२ साली २० ऑक्टोबरला चीनशी युद्ध सुरू झाले आणि आठवड्याभरात दिवाळी आली. आसाम-बंगालमधली हजारो चिनी माणसे, बायकामुलांसकट, पुढे राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवली गेली. त्यांतली कित्येक इथेच जन्मलेली. मुंबईत तेवढे झाले नाही, पण चाळ गप्प झाली. मुलांना जिन्याशेजारी खेळू देईनात. फराळाची ताटे दरवर्षीसारखी दारोदार निघाली, आणि ते एक दार सोडून पुढे गेली.

आईने ताट भरले. वडील म्हणाले, “अहो, माझी नोकरी सरकारी आहे. उद्या कुणी कळवलं म्हणजे?” त्यांचे भय खोटे नव्हते, घरात खाणारी सात तोंडे होती. आई म्हणाली, “कळवू देत. करंज्या आहेत, म्हणावं.” आणि ताटावर विणलेला रुमाल घालून तिने ते माझ्या हाती दिले. मावशींनी दार फटीएवढेच उघडले. ताट घेतले, बोलल्या नाहीत.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्या स्वतः आल्या, हातात झाकणाचे निळे इनॅमलचे भांडे. आत कोहळ्याचे सार, गोळ्यांवाचून. त्या दिवशी आमच्या घरात मांस चालत नाही, हे त्या तशा दिवसांतही विसरल्या नव्हत्या. वडिलांनी दोनदा वाढून घेतले.

भांडे रिकामे परत करायचे नाही, असा दोघींचा हट्ट. त्यामुळे पुढली दोन वर्षे ते निळे भांडे जिन्यावरून सारखे ये-जा करी. चाळही हळूहळू बोलू लागली. पण यजमानांना काम मिळेना, नोंदी आणि परवाने यांचा जाच संपेना, आणि १९६४ साली त्यांनी हाँगकाँगची वाट धरली. निघण्याच्या दिवशी भांडे आमच्याकडे होते. आईने ते खोबऱ्याच्या वड्यांनी भरून नेले. मावशींनी वड्या वर्तमानपत्रात बांधून घेतल्या आणि भांडे पुसून आईच्या हातात दिले. सामानात जागा नव्हती.

आता त्याचे टवके उडाले आहेत, म्हणून चुलीवर चढवत नाही. सार वाढायला काढते.